भोर-वेल्ह्यात जमीन घ्यायची तर कुठे? गाव नाही, गट नंबर निवडा



अर्थशास्त्रात आपण गुंतवणुकीचे प्रकार शिकतो. बँकेतील ठेव, पोस्टाची बचत, सोने, शेअर आणि स्थावर मालमत्ता. पहिल्या चार प्रकारांची माहिती पुस्तकात बऱ्यापैकी सापडते. पाचव्याबद्दल मात्र घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "जमिनीत घातलेला पैसा कधी बुडत नाही." हे वाक्य अर्धेच खरे आहे. जमीन जागेवरून हलत नाही हे खरे, पण पैसा मात्र तिच्यात अडकून पडू शकतो. विकता येत नाही, बांधता येत नाही, कधी कधी तर तिथपर्यंत जाताही येत नाही, अशी जमीन लोक आयुष्यभराची पुंजी देऊन घेतात.

आजच्या पाठासाठी आपण पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हे दोन तालुके घेऊ. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय घेतला, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, म्हणून आपणही तेच वापरू. पुण्यापासून जवळ, डोंगर, धरणं, किल्ले, भाताची खाचरं. शनिवार-रविवारी फिरायला आलेला माणूस "इथे आपली एखादी जागा हवी" असं म्हणतच परत जातो. त्यानंतर काय काय बघायला हवे, ते आपण क्रमाने पाहू.

१. एका तालुक्यात तीन पट्टे

"भोरमध्ये भाव काय चाललाय?" हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. कारण भोर-वेल्हे हा एक बाजार नाही. ढोबळमानाने तीन पट्टे पडतात.

पहिला पट्टा महामार्गाचा. पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूर, कापूरहोळ, किकवी, सारोळा ही गावे येतात. नीरा नदी ओलांडली की शिरवळची औद्योगिक वसाहत, म्हणजे सातारा जिल्हा. इथे जमिनीला भाव आहे तो गोदाम, हॉटेल, कामगारांच्या खोल्या, दुकान यांमुळे. म्हणजे जमीन वापरणारा माणूस आजच हजर आहे.

दुसरा पट्टा धरणांच्या काठाचा. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव. इथे भाव आहे तो दृश्याला. पाणी दिसले की गुंठ्याचा दर चढतो.

तिसरा पट्टा घाटमाथ्याचा. भोरहून महाडकडे जाणारा वरंधा घाट, वेल्ह्याच्या पश्चिमेला केळद, मढे घाट. पाऊस प्रचंड, वस्ती विरळ, वरकस जमीन जास्त. वरंधा घाट दरडींमुळे पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीला बंद ठेवावा लागतो. इथला भाव मुख्यतः आशेवर चालतो. "उद्या इथे पर्यटन वाढणार." जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी वास्तू आल्या आणि त्यात राजगडही आहे, त्यामुळे ही आशा आणखी वाढली.

आता मुद्दा असा की पट्टा कळला तरी काम संपत नाही. एकाच गावात शेजारी-शेजारी असलेल्या दोन गटांची किंमत दुप्पट-तिप्पट वेगळी असू शकते आणि ती वेगळी असण्याला कारणं असतात. म्हणून जागा निवडायची म्हणजे गाव निवडायचे नाही, गट नंबर निवडायचा. पाठातला हा एक मुद्दा लक्षात राहिला तरी पुरे.

२. आधी हे तपासा: शेतजमीन तुम्हाला घेता येते का?

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुमच्या वडिलांच्या नावे सांगली-साताऱ्याला कुठे सातबारा असेल, तर त्याच्या आधारे शेतकरी असल्याचा पुरावा देता येतो. नसेल तर बिगरशेती म्हणजे एनए झालेली जागाच बघायची. "आधी घेऊन टाका, दाखला मी मिळवून देतो" असं कोणी म्हणालं, तर तिथूनच उठावं. असा व्यवहार कलम ८४ क खाली बेकायदा ठरवला जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट तुकड्यांची. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्र ठरवले आहे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने ते जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे झाले. त्यापेक्षा लहान तुकडा पाडून शेतजमीन विकणे हे नियमाविरुद्ध. २०२५ मध्ये शासनाने शहरी भागासाठी आणि आराखड्यात निवासी-व्यावसायिक वापर दाखवलेल्या क्षेत्रासाठी सवलतीचे पाऊल उचलले. म्हणून आपला गट आराखड्यात कुठे येतो हे कळल्याशिवाय "आता एक गुंठाही चालतो" या बोलण्यावर विसंबू नये.

मग जाहिरातीत पाच-पाच गुंठ्यांचे 'फार्म हाऊस प्लॉट' कसे विकतात? बऱ्याचदा एका मोठ्या गटात दहा-पंधरा खरेदीदारांची नावे सामाईक लावतात. कुंपण वेगळे, पण सातबारा एकच. उद्या एकाला विकायचे असेल, कर्ज काढायचे असेल किंवा बांधायचे असेल, तर बाकीच्या सगळ्यांशी गाठ. हिस्सा कागदावर तुमचा, पण कुठला कोपरा तुमचा हे कागद सांगत नाही.

३. सातबारा कसा वाचायचा?

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. सातमध्ये मालकी आणि हक्क, बारामध्ये पिके. लोक मालकाचे नाव आणि क्षेत्र बघतात आणि कागद मिटतात. खरी गोष्ट पुढे असते.

*भूधारणा पद्धत.* 'भोगवटादार वर्ग १' असेल तर विक्रीला साधारणतः सरकारी परवानगी लागत नाही. 'वर्ग २' असेल तर थांबा. वतनाची, सरकारने दिलेली, पुनर्वसनात मिळालेली जमीन या वर्गात येते. भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते, ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले. जुन्या इनाम-वतनांच्या खुणा इथल्या फेरफारांत अजून सापडतात. देवस्थान इनामाची जमीन असेल तर तिच्या वाट्यालाच जाऊ नये.

*इतर हक्क.* हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कुळाचे नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क, 'कूळ कायदा कलम ४३', पुनर्वसनाचा शेरा, वनखात्याची नोंद हे सगळे इथे येते. कलम ४३ म्हणजे कुळाला मिळालेली जमीन. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदी प्रमाणपत्राला १० वर्षे झाली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून ती विकता येते. म्हणजे हा शेरा दिसला म्हणून घाबरायचे नाही, पण तो नजरेआडही करायचा नाही.

*वनाची नोंद.* डोंगराळ तालुक्यात हा प्रश्न मोठा आहे. महाराष्ट्रात ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वने शासनाकडे घेण्याचा कायदा लागू झाला. सातबारावर मालक म्हणून शेतकऱ्याचे नाव आणि इतर हक्कात वनाचा शेरा, असे गट घाटाच्या बाजूला आढळतात. अशी जमीन स्वस्त का मिळते, हे वेगळं सांगायला नको.

*फेरफार.* सातबारावर लहान वर्तुळांत आकडे असतात. ते फेरफाराचे नंबर. निदान ३० वर्षांचे फेरफार काढून वाचा. जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली, याची ती गोष्टच असते. भोर-वेल्ह्यातली अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत कामाला आहेत. गावातला एक भाऊ जमीन दाखवतो, दोन भाऊ मुंबईत, बहिणी सासरी. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर दहा वर्षांनी एखादी आत्या दावा घेऊन उभी राहिली तर चूक तिची नसते.

*मुखत्यारपत्र.* मालक समोर नाही, मुखत्यार समोर आहे, अशा वेळी दुप्पट काळजी घ्यावी. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे. मालकी मिळते ती नोंदणीकृत खरेदीखताने.

४. रस्ता, पाणी, उतार

कागद झाला. आता पायांनी चालायचं.

*रस्ता.* गाडी शेतापर्यंत गेली म्हणजे रस्ता आहे असं नाही. ती कोणाच्या तरी बांधावरून गेली असेल. विकणारा शेजाऱ्याशी गोड आहे म्हणून वाट चालू आहे, तुम्ही परके आलात की दगड पडतो. गावनकाशावर रस्ता दाखवला आहे का ते बघा. नसेल तर शेजाऱ्याकडून नोंदणीकृत हक्क लिहून घ्या. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो, पण तो मिळायला वेळ लागतो आणि वैर पदरात पडते ते वेगळेच.

*पाणी.* इथे एक मोठा गैरसमज आहे. समोर धरण दिसतं म्हणजे पाण्याची चिंता नाही, असं लोकांना वाटतं. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले, ते नीरेच्या कालव्यांसाठी. त्याचे पाणी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते. पानशेत आणि वरसगावचे पाणी खडकवासल्यातून पुणे शहराला आणि पुढे कालव्याला. काठावरच्या माणसाला पाणी उचलायचे तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते. शिवाय तुमची हद्द आणि पाणी यांच्यामध्ये बऱ्याचदा धरणासाठी संपादित केलेली सरकारी जमीन असते. जाहिरातीतला 'वॉटर फ्रंट' तिथे संपतो. पावसाळ्यात सगळा मावळ हिरवा असतो, म्हणून जागा बघायला एकदा एप्रिल-मे महिन्यात जावेच. विहिरीत पाणी किती, टँकर येतो का, हे तेव्हाच कळते. बोअरला पाणी लागेलच याची कातळात खात्री नसते.

*उतार.* राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत १:५ पेक्षा जास्त उतारावर बांधकामाला मनाई आहे. १:५ म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ. डोंगरावरचा सुंदर प्लॉट बहुतेक वेळा याच्या पलीकडचा असतो. शिवाय सातबारावर 'पोटखराबा' वेगळा लिहिलेला असतो, तोही नजरेखाली घालावा.

५. आराखडा आणि अफवा

"रिंग रोड येतोय", "विमानतळ येतोय" ही वाक्ये या भागात रोज ऐकू येतात. त्यातली काही खरी आहेत. पुणे रिंग रोडच्या पश्चिम भागाची आखणी मावळातील उर्से ते भोरमधील वरवे बुद्रुक अशी आहे. पण रस्ता खरा असला तरी दोन प्रश्न उरतात. एक, माझा गट रस्त्याच्या *जवळ* आहे की रस्त्या*खाली*? संपादनात गेलेली जमीन विकत घेऊन काय करणार? दोन, उतरण्या-चढण्याची जागा माझ्या गटापासून किती लांब? प्रवेश नियंत्रित असलेल्या रस्त्याला खेटून असलेल्या शेताला त्या रस्त्याचा उपयोग काही नाही, आवाज तेवढा मिळतो.

आराखड्यांचेही तसेच. भोर-वेल्ह्याचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात येतो, जे मार्च २०१५ मध्ये स्थापन झाले. त्यांचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२५ मध्ये रद्द झाला. ज्यांनी त्या प्रारूपातला 'निवासी झोन' बघून जादा दर मोजला, त्यांच्या हातात काय राहिले? म्हणून 'प्रारूप' आणि 'मंजूर' हे दोन शब्द वेगळे आहेत, हे पक्के लक्षात ठेवा. घाटाकडच्या गावांबाबत आणखी एक यादी तपासायची, ती पश्चिम घाट पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची. केंद्राने तिची प्रारूप अधिसूचना पुन्हा जुलै २०२४ मध्ये काढली आणि सह्याद्रीतल्या अनेक गावांची नावे तीत आहेत.

मोठे नाव म्हणजे सुरक्षित गुंतवणूक, असेही नाही. वरसगाव धरणाच्या बाजूला मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतील गावांत लवासा शहर उभे राहू लागले, तेव्हा देशभर गाजावाजा झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. ज्यांनी तिथे घरासाठी पैसे भरले, त्यांना वर्षानुवर्षे वाट बघावी लागली. एवढ्या मोठ्या प्रकल्पाचे हे होऊ शकते, तर गुळगुळीत कागदावरच्या छोट्या जाहिरातीचे काय?

६. थोडे गणित

हे आकडे बाजारातले नाहीत, गणितासाठी घेतलेले आहेत. समजा एकाच गावात दोन गट आहेत, प्रत्येकी २० गुंठे.

गट अ: दर गुंठ्याला ३ लाख. एकूण ६० लाख. नकाशावर रस्ता, बोअरला पाणी, वर्ग १. वापरण्याजोगी जागा १९ गुंठे.

गट ब: दर गुंठ्याला दीड लाख. एकूण ३० लाख. रस्ता नाही, पाणी नाही. ८ गुंठे तीव्र उतार, म्हणजे वापरण्याजोगे १२ गुंठे. वाटेसाठी शेजाऱ्याला ५ लाख, बोअर-मोटर-वीज ३ लाख. एकूण ३८ लाख.

आता वापरण्याजोग्या गुंठ्याचा खर्च काढा.
अ: ६० ÷ १९ = सुमारे ३.१६ लाख.
ब: ३८ ÷ १२ = सुमारे ३.१७ लाख.

बघा, निम्म्या दराची जमीन तेवढ्याच भावात पडली. आणि उद्या विकायची म्हटली तर गिऱ्हाईक आधी कोणाकडे जाईल?

दुसरे गणित काळाचे. ७२ ला व्याजदराने भागले की पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षे अंदाजे मिळतात. ७ टक्क्यांच्या ठेवीला ७२ ÷ ७ = सुमारे १० वर्षे. म्हणजे ६० लाखांची जमीन १० वर्षांनी १ कोटी २० लाखांना गेली, तरी तुम्ही साध्या ठेवीच्या बरोबरीलाच आलात. कुंपण, राखणदार, मुद्रांक शुल्क यांचा खर्च त्यात धरलेला नाही. जमीन भाडे देत नाही, व्याज देत नाही. मुलीच्या शिक्षणाला किंवा दवाखान्याला लागणारा पैसा अशा ठिकाणी गुंतवू नये, कारण गरज पडली त्या महिन्यात ती विकेलच असं नाही.

७. विकणाऱ्याची बाजू

आपल्यापैकी काहींच्या घरी प्रश्न उलटा असेल. घ्यायची नाही, विकायची आहे. मुंबईची खोली घ्यायची, मुलाचे लग्न, कर्ज. दलाल बांधावर उभा आहे आणि रोख दाखवतो आहे. तेव्हा चार गोष्टी लक्षात असू द्या. शेवटचा तुकडाही विकला तर सातबारावरचे नाव जाते आणि पुन्हा शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा पुरावा दाखवणे अवघड होते. गावठाणाजवळचा आणि रस्त्यावरचा गट शेवटी विकावा, कारण भाव त्यालाच वाढतो. विसार घेताना पूर्ण रक्कम कधी मिळणार याची तारीख लिहून घ्यावी. आणि आपल्याच वडिलोपार्जित जमिनीवर पुढे दुसऱ्याच्या फार्म हाऊसची राखण करायची वेळ येऊ नये, एवढा विचार सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी, लेकी-सुनांसकट, बसून करावा.

८. व्यवहाराचा क्रम

१. गट नंबर मागा. तो सांगायला टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका.
२. ताजा सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा.
३. दुय्यम निबंधक कार्यालयातून ३० वर्षांचा शोध वकिलाकडून करून घ्या.
४. गावनकाशा आणि झोनचा दाखला मिळवा.
५. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून 'क' प्रत घ्या. हद्दी दगडाने दाखवून घ्या.
६. उन्हाळ्यात एकदा आणि मुसळधार पावसात एकदा जागेवर जा.
७. शेजारच्या शेतकऱ्याशी बोला. कागदात नसलेले भांडण त्याला माहीत असते.
८. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, मगच खरेदीखत.
९. प्लॉटिंगचा प्रकल्प असेल तर महारेराची नोंदणी तपासा. शेतीच्याच जमिनीचे तुकडे असतील तर ही नोंदणी नसते, म्हणजे ते संरक्षणही नसते.
१०. खरेदीनंतर फेरफार नोंद मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करा. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस असते.

या दहा पायऱ्यांना दोन-तीन महिने लागतात. "आज विसार दिला नाही तर उद्या जाईल" असे सांगणारा माणूस तेवढाच वेळ तुमच्याकडून काढून घेत असतो. गेली तर गेली. सह्याद्री कुठे जात नाही.

स्वाध्याय

१. आपल्या घरच्या किंवा नातेवाइकांच्या जमिनीचा सातबारा काढा. भूधारणा पद्धत कोणती आणि 'इतर हक्क' रकान्यात काय लिहिले आहे, ते वहीत उतरवा.
२. २० गुंठे म्हणजे किती चौरस फूट? (१ गुंठा = १०८९ चौरस फूट)
३. एका जमिनीची किंमत ९ वर्षांत दुप्पट झाली. ७२ च्या नियमाने वार्षिक वाढीचा दर किती?
४. 'धरणाच्या काठावरची जमीन' ही जाहिरात वाचून तुम्ही विक्रेत्याला कोणते पाच प्रश्न विचाराल?
५. चर्चा करा: गावातील जमीन बाहेरच्यांना विकली गेल्याने गावाला काय मिळते आणि गावाचे काय जाते?